तांदळाची रेघ

पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात बोलपूर नावाचे एक रेल्वेस्थानक आहे. हावड्याहून निघालेली गाडी सुमारे दीडशे किलोमीटर अंतर कापून तेथे पोहोचते. स्थानकाबाहेर पडून थोडे पुढे गेले, की तांबड्या मातीचा माळ लागतो, आणि त्या माळावर साल, सातवीण व आंबा यांची दाट राई दिसू लागते. हेच शांतिनिकेतन. महर्षी देवेंद्रनाथ ठाकूर यांनी १८६३ साली ही जमीन घेतली, तेव्हा या उजाड माळावर सावलीला म्हणून सातविणीची दोन झाडे होती, असे सांगतात. त्यांचे पुत्र रवींद्रनाथ यांनी १९०१ साली येथे मूठभर मुलांची शाळा काढली आणि १९२१ साली त्या शाळेतून विश्वभारती हे विद्यापीठ उभे राहिले. सारे विश्व जेथे एका घरट्यात नांदते, अशा अर्थाचे एक वेदवचन या विद्यापीठाने ब्रीद म्हणून स्वीकारले आहे.

ब्रीद स्वीकारणे सोपे. घरटे चालवणे मात्र कठीण. घरटे म्हटले की चोचीला चोच लागायचीच.

विश्वभारतीत उत्सवांना तोटा नाही. पौषातला मेळा, वसंतोत्सव, पावसाळ्यातले वृक्षारोपण, श्रीनिकेतनातील हलकर्षण असे वर्षभर काही ना काही चालूच असते. यांच्या मानाने कलाभवनाचा नंदन मेळा वयाने बराच धाकटा. कलाभवन हा चित्रशिल्पादी कलांचा विभाग १९१९ साली सुरू झाला आणि थोर चित्रकार नंदलाल बोस यांनी तो नावारूपास आणला. शांतिनिकेतनात त्यांना सारे जण ‘मास्टरमशाय’ म्हणत. त्यांचा जन्मदिवस ३ डिसेंबर. त्याच्या आधीचे दोन दिवस, म्हणजे १ व २ डिसेंबरला, कलाभवनाच्या आवारात हा मेळा भरतो. १९७३ सालापासून तो भरत आला आहे. विद्यार्थी आणि शिक्षक आपल्या हातांनी चित्रे, मुद्रा, मातीची भांडी, दागिने, दिनदर्शिका असे नाना पदार्थ बनवतात आणि माफक किमतीला विकतात. येणारा पैसा गरजू विद्यार्थ्यांच्या साहाय्यनिधीत जातो. मेळ्याचा हा हेतू अनेक गिऱ्हाइकांना ठाऊकही नसतो. परंतु पुढील हकीगतीत त्याला फार महत्त्व आहे.

त्या वर्षी कलाभवनात डहाणू तालुक्यातील एका पाड्यावरून आलेली एक वारली मुलगी शिकत होती. आश्रमशाळेत दहावी, तालुक्याच्या गावी बारावी, आणि मग चित्रकलेच्या ओढीने दोन रात्रींचा आगगाडीचा प्रवास करून थेट बंगाल, असा तिचा प्रवास. पहिले सहा महिने तिला बंगाली कळत नसे. पुढे कळू लागली, तेव्हा तिच्या खोलीत चार भाषा चालतात हे तिच्या ध्यानात आले. एक मैत्रीण इंफाळची, एक बांगलादेशातील राजशाहीची, आणि तिसरी जवळच्याच एका संथाळ गावातली. ही संथाळ मुलगी वर्गात सर्वांत कमी बोले. शेजारच्या खोलीत एक जपानी विद्यार्थिनी राही. ती वयाने मोठी असल्यामुळे सगळ्या तिला ताईप्रमाणे मान देत.

मेळ्याच्या बारा दिवस आधी तिच्या वर्गाची बैठक भरली. मांडव कसा करायचा, त्यात काय मांडायचे, याची चर्चा सुरू झाली. इंफाळची मैत्रीण सिंगजू करणार होती. जपानी ताई शाई-कुंचल्याने लोकांची नावे लिहून देणार होती. केरळचा एक विद्यार्थी कागदाच्या लगद्याचे पक्षी करणार होता. मग कोणी तरी म्हणाले, “आपल्याकडे तर खरी वारली चित्रकार आहे! कापडावर लग्नाचा चौक काढू. मूळ चित्र ती काढील, आपण नकला करू. पन्नास तरी सहज खपतील.”

सर्वांना ही कल्पना आवडली. नकलांविषयी कोणी शंका काढली, तेव्हा दुसऱ्याने लगेच दाखला दिला: १९३८ च्या हरिपुरा काँग्रेससाठी मास्टरमशाय यांनी जी भित्तिपत्रके रंगवली, त्यांच्याही नकला विद्यार्थ्यांनीच केल्या नव्हत्या काय? या दाखल्यापुढे कोण बोलणार! सगळ्यांनी तिच्याकडे पाहिले. तिने मान हलवली आणि बैठक संपली.

मान हलली खरी, पण रात्री कागद पुढे घेऊन ती बसली तेव्हा हात हलेना.

वारली चित्रे आज शहरात कोठे दिसत नाहीत? पिशव्यांवर, पेल्यांवर, उपाहारगृहांच्या भिंतींवर ती सर्रास असतात. परंतु लग्नाचा चौक ही गोष्ट निराळी आहे. तो शोभेसाठी नसतो. लग्नघरात आतल्या भिंतीवर, गेरूच्या सारवणावर, तांदळाच्या पिठाच्या पाण्याने सवाशिणी तो रेखतात. त्याच्या मध्यभागी पालघट देवी असते. सृष्टीला, पिकाला आणि नव्या जोडप्याच्या वंशाला वाढवणारी ती देवी. तिच्यावाचून लग्न लागत नाही. वारली लोक चौक ‘काढला’ असेही म्हणत नाहीत, चौक ‘लिहिला’ असे म्हणतात. या मुलीने लहानपणी मावशीच्या लग्नात आपल्या आईला चौक लिहिताना पाहिले होते. बांबूच्या काडीचे टोक ठेचून केलेला तो कुंचला, वाटीतले पांढरे पाणी, आणि बाहेर धवलेरीचे गाणे. तिला त्या वेळी वाटीला हातसुद्धा लावू दिला नव्हता.

ही कला भिंतीवरून कागदावर आली, त्याला काही फार काळ लोटलेला नाही. १९७० नंतरच्या वर्षांत भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार डहाणूच्या पाड्यांवर कागद आणि रंग घेऊन गेले. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी तो कागद हाती घेतला आणि लग्नाच्या प्रसंगाशिवाय, रोज, केवळ चित्रासाठी चित्र रंगवण्याचा परिपाठ पाडला. नांगरणी, मासेमारी, मुंग्यांचे वारूळ, रात्रीचा नाच असे सारे त्यांच्या कागदावर उतरले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते निवर्तले. त्यांच्यामागून कित्येक जण चित्रकार झाले, आणि त्यांच्यापैकी काहींनी चौकही कागदावर आणून विकला. या मुलीला ते ठाऊक होते. त्यांच्यावर तिचा रागही नव्हता. पण दुसऱ्यांनी केले म्हणून आपण करावे काय, या प्रश्नाचे उत्तर त्यातून निघत नव्हते.

दुसऱ्या दिवशी तिने आईला फोन केला. आई शेतावरून नुकतीच परतली होती. सगळे ऐकून घेऊन ती म्हणाली, “चौकात देवी बसते ना? तिला बोलवायचं आणि मग पाठ फिरवून पैसे मोजायचे, हे कसं गं? नाच काढ, तारपा काढ, भाताची झोडणी काढ. चौक नको.”

“पण मी हो म्हणून बसले, आई.”

“मग नाही म्हण. तोंड आहे ना तुला?”

तोंड होते, पण ते उघडणे सोपे नव्हते. आदल्या पावसाळ्यात ती काविळीने अंथरुणाला खिळली होती. बोलपूरच्या इस्पितळातील औषधपाण्याचा खर्च तिच्या घरच्यांना झेपण्यासारखा नव्हता. तो भागला याच साहाय्यनिधीतून. म्हणजे आदल्या वर्षी कोणा मुलामुलींनी रात्र रात्र जागून भांडी भाजली होती, मुद्रा छापल्या होत्या, तेव्हा कोठे तिच्या औषधाचे पैसे उभे राहिले होते. आता तिची पाळी आली, आणि सर्वांत जास्त खपणारी वस्तू तिच्याच हातात होती. अशा वेळी ‘आमच्या देवीला चालत नाही’ असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

चार दिवस ती हे ओझे घेऊन वावरली. वर्गातल्या मुली कापडाचे तुकडे कापून, गेरूने रंगवून वाळत घालत होत्या. लाल चौकोनांची ती दोरी पाहिली, की तिच्या पोटात गोळा येई.

पाचव्या दिवशी दुपारी ती आल्पना पाहायला गेली. शांतिनिकेतनात कोणताही उत्सव आल्पनेवाचून होत नाही. आपल्याकडे जशी रांगोळी, तशी बंगालात आल्पना. फरक एवढाच, की रांगोळी कोरडी असते आणि आल्पना ओली. तांदूळ भिजवून वाटतात, त्या पांढऱ्या पाण्यात चिंधी बुडवून मुठीत धरतात, आणि बोटावरून ओघळणाऱ्या धारेने जमिनीवर वेल चढवत नेतात. हल्ली पुष्कळ ठिकाणी तयार पांढरा रंगच वापरतात. पण त्या दिवशी आल्पना शिकवणाऱ्या दींनी मुलींना तांदूळच वाटायला लावले होते. (शांतिनिकेतनात शिक्षकांना सर किंवा मॅडम म्हणण्याची चाल नाही. पुरुष असेल तर ‘दा’, स्त्री असेल तर ‘दी’.) वाटलेल्या तांदळाचा तो आंबूस वास आला आणि मुलीला एकदम मावशीचे लग्नघर आठवले. ती तेथेच बसली. दींनी तिच्या हाती चिंधी दिली.

काम करता करता दी सांगू लागल्या. आल्पना ही मूळची बायकांच्या व्रतांची. घरातल्या घरात, अमुक व्रताला अमुक आकृती, असा तिचा नेम. अवनींद्रनाथ ठाकूर यांनी १९१९ साली बंगालच्या व्रतांवर एक पुस्तक लिहिले, तेव्हा शिकल्यासवरल्या लोकांचे लक्ष प्रथम या रेघांकडे गेले. पुढे पूर्व बंगालमधून आलेल्या सुकुमारी देवी कलाभवनात आल्पना शिकवू लागल्या. परंतु येथे एक अडचण होती. महर्षींच्या आश्रमात मूर्तिपूजा वर्ज्य. मग व्रतातली लक्ष्मीची पावले येथे उमटवायची कोणासाठी?

“मग काय केले त्यांनी?” मुलीने विचारले.

“हात ठेवला, देवी घरी ठेवली,” दी म्हणाल्या. “तांदूळ तोच, बोटाची धार तीच, रेघेचा झोकही तोच. पण आकृती घेतल्या झाडांच्या, फुलांच्या, पाण्याच्या. पुढे मास्टरमशाय यांच्या कन्या गौरी भंज आणि यमुना सेन यांनी ती वाढवली. आज तू पाहतेस ती शांतिनिकेतनची आल्पना अशी झाली. लक्ष्मीची पावले काही कोणी पुसली नाहीत. ती अजून घराघरांत उमटतात. मात्र काही जुन्या बायका म्हणत, ही कसली आल्पना, हिच्यात जीवच नाही! त्यांचेही म्हणणे अगदीच खोटे नव्हते.”

एवढे बोलून दी पुढच्या वेलीकडे सरकल्या. तू असे कर, तसे कर, असे त्या काहीच म्हणाल्या नाहीत. मुलीची अडचण त्यांना मुळी ठाऊकच नव्हती.

त्या संध्याकाळी तिने वर्गाला पुन्हा एकत्र बोलावले आणि उभे राहून सांगितले, “मी चौक काढणार नाही.” कारणही सांगितले. बंगाली शब्द अडले तेथे हिंदी वापरली. थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मग हिशेब ठेवणारा मुलगा जरा चिडून म्हणाला, “बारा दिवसांतले सहा गेले. गेरू लावून पन्नास तुकडे तयार आहेत. बाजारात हाच चौक कोणीही विकतो. आणि हा पैसा काय आपल्या खिशात जाणार आहे?”

त्याचे बोलणे चुकीचे नव्हते, आणि म्हणूनच ते तिला लागले. ती खाली बसणार, तोच पक्षी करणारा केरळचा मुलगा म्हणाला, “आमच्या गावी तेय्यम असतो. नाचणाऱ्याच्या डोक्यावर मुकुट चढला, की तो माणूस राहत नाही, देव होतो. तो मुकुट येथे पाचशे रुपयांना मांड, असे मला कोणी सांगितले, तर मलाही जमणार नाही. म्हणून तर मी पक्षी करतो.”

यावर हशा पिकला आणि ताण सैल झाला. हिशेबाच्या मुलाने विचारले, “मग या पन्नास तुकड्यांचे काय?”

“नाच काढू. तारप्याचा,” ती म्हणाली.

पुढचे सहा दिवस कसे गेले ते कोणाला कळले नाही. वारली माणूस काढणे दिसते तितके सोपे नाही. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की शरीर झाले, असे शहरातला माणूस समजतो. वर्गातल्या दोघांनी तर पट्टी लावून त्रिकोण आखले. ती माणसे नाचेनात, कवायत करू लागली! मग तिने सर्वांना आवारात उभे केले, एकमेकांच्या कमरेत हात घालायला लावले आणि तारप्याचा फेर धरायला शिकवला. वाळलेला भोपळा आणि बांबूच्या नळ्या यांपासून केलेले तारपा हे वाद्य तेथे कोठून मिळणार! जपानी ताईने थाळी वाजवली. वाजवणारा मध्ये असतो, फेर त्याच्याभोवती वळत जातो आणि नाचणारा त्याच्याकडे पाठ करीत नाही. अर्धा तास नाचल्यावर मुले पुन्हा कापडावर बसली, तेव्हा त्यांच्या रेघा वाकल्या. तरी पन्नासांतले अकरा तुकडे बाद करावे लागले. हिशेबाच्या मुलाने ते मुकाट्याने घडी घालून ठेवले.

मांडवाची मागची भिंत करण्याचे काम तिने आणि संथाळ मैत्रिणीने अंगावर घेतले. बांबूच्या तट्ट्यावर माती आणि शेण कालवून लिंपण केले. संथाळ मुलीचा हात भिंतीवरून कमानीसारखा फिरे. एकीवर एक अशा कमानी उमटत जात. बीरभूमची माती मुळातच तांबडी; गेरू लावायची गरजच पडली नाही. वाळल्यावर वारली मुलीने त्या भिंतीवर खरे तांदळाचे पाणी घेऊन रात्रभर चित्र लिहिले. खाली भाताची खाचरे, वर झोडणी, आणि मधोमध तारप्याचा फेर, शंखासारखा वळत गेलेला. संथाळ मैत्रीण कंदील धरून बसली होती. पहाटेच्या सुमारास ती सहज म्हणाली, “उत्सवात आमच्या लोकांनाही नाचायला बोलावतात. लोक टाळ्या वाजवतात, फोटो काढतात. पण हा नाच कोणत्या सणाचा, ते अजून मला कोणी विचारले नाही.”

मेळा सुरू झाला. कलाभवनाच्या आवारात रामकिंकर बैज यांचे १९३८ सालचे संथाळ कुटुंबाचे भव्य शिल्प आहे. आई, बाप, मूल आणि कुत्रा आपले बिऱ्हाड घेऊन वाट चालत आहेत. त्या शिल्पापासून मांडवांपर्यंत माणसांची रीघ लागली होती. सिंगजू दुपारीच संपली. राजशाहीच्या मुलीने केलेली पिठी, म्हणजे तांदळाच्या पिठाची पक्वान्ने, लोकांनी उभ्या उभ्या फस्त केली. कापडाचे एकोणचाळीस तुकडेही दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खपले. गिऱ्हाइके विचारीत, “केवढ्याला?” “धुतले तर रंग जाईल का?” “हेच पिशवीवर मिळेल का?” ती उत्तरे देई. पहिल्या रात्री दव पडले आणि भिंतीवरच्या खाचरांचा एक कोपरा विरघळून गेला. दारातली आल्पनाही लोकांच्या पायांखाली पुसट होत चालली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संथाळ मैत्रिणीची आई मेळा पाहायला आली. संथाळीत आईला ‘आयो’ म्हणतात. हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हापासूनच वारली मुलीला तो परका वाटला नव्हता. आयोने मांडवातल्या वस्तू भराभर पाहिल्या. मग ती मागच्या भिंतीपाशी थांबली. लिंपणावर तिने हात फिरवून पाहिला आणि एका जागी ते पातळ झाले आहे असे मुलीला सांगितले. नंतर ती चित्रातल्या फेराकडे बराच वेळ पाहत राहिली आणि काही तरी बोलली.

मैत्रीण हसली. “आयो विचारते आहे, हे कोणत्या सणाचे?”

वारली मुलीने हातातली पैशांची पेटी हिशेबाच्या मुलाकडे दिली आणि ती आयोजवळ जमिनीवर बसली. भात कापून घरी आले की रात्री हा नाच होतो, हे तिने सांगितले. वाजवणाऱ्याकडे पाठ का करायची नाही, ते सांगितले. मग न विचारताच लग्नाचा चौक, त्यातली देवी, तो येथे का नाही, तेही सांगितले. मैत्रीण मध्ये बसून एका भाषेतले दुसऱ्या भाषेत करीत होती आणि तिची फार धांदल उडत होती. आयोने मधूनच विचारले, तांदूळ जुना वापरता की नवा? मग तिने आपल्या बांधना सणाची हकीगत सांगितली. तोही भात घरी आल्यावरचा, पौषाच्या अखेरीचा. त्याच्या आधी गावातली प्रत्येक भिंत नव्याने सारवली जाते.

बाहेर दिवे लागले होते. उठताना आयो काही बोलली, ते मैत्रिणीने सांगितले:

“आयो म्हणते, पौषात आमच्याकडे ये. घराची मागची भिंत मोठी आहे आणि तिला एक हात कमी पडतो.”